हातात किती?

सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत पगाराबद्दल एकच प्रश्न विचारतात. ‘हातात किती?’ नोकरी मागायला आलेला पोरगा हाच विचारतो, मुलीचं स्थळ घेऊन आलेला मामा हाच विचारतो आणि उधारीची वही सांभाळणारा वाणीही हाच विचारतो. ग्रॉस सांगितला की समोरचा असा बघतो, जणू आपण हळदीचं वजन पोत्यासकट सांगितलं.

इथल्या एका ओतकामाच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं अकाउंट्स सांभाळतोय. माणसं चौऱ्याहत्तर. दारावरच्या पाटीवर नुसतं ‘अकाउंट्स’ लिहिलंय. पण पीएफ, ईएसआय म्हणजे सरकारी कामगार विमा, खंडेनवमीचे पेढे आणि पाण्याच्या फिल्टरचा मेकॅनिक हेही माझ्याच खात्यात येतात. महिन्याची १५ तारीख म्हणजे माझी निर्जळी एकादशी. पीएफ आणि ईएसआय दोन्हींचा भरणा त्याच दिवसापर्यंत. चुकलं तर ईएसआयला वर्षाला १२ टक्क्यांनी व्याज. आणि पोर्टलचं तोंड नेमकं १४ तारखेच्या संध्याकाळी फिरतं. पण हे दुखणं सवयीचं झालंय. नवं दुखणं धाकट्या मालकांनी विमानातून आणलं.

धाकटे मालक दोन वर्षं अमेरिकेत नोकरी करून परत आले. एका दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून पुढ्यात एक कागद सरकवला. “काका, हे बघा. डब्ल्यू-२.”

पगार आणि कापलेला कर यांचा वर्षाचा दाखला, आपल्याकडच्या फॉर्म १६ चा तिकडचा मावसभाऊ. त्यातल्या १२ क्रमांकाच्या चौकटीत ‘डीडी’ अशी दोन अक्षरं आणि पुढं बऱ्यापैकी मोठा आकडा.

“एवढा कर कापला?” मी हळहळलो.

“कर नाही हो. माझ्या आरोग्य विम्याचा वर्षाचा खर्च आहे तो. कंपनीचा वाटा आणि माझा वाटा मिळून.”

“मग यावर कर लागतो?”

“नाही.”

“मग छापलाय कशाला?”

“माहितीसाठी. आपल्यावर किती खर्च होतो ते माणसाला कळावं म्हणून. मोठ्या कंपन्यांना २०१२ सालापासून बंधनकारक आहे तिकडे.”

मी गप्प झालो. कर नाही, कपात नाही, केवळ कळावं म्हणून सरकारनं एक आकडा लिहायला लावला! मग त्यांनी १०९५-सी नावाच्या आणखी एका फॉर्मची गोष्ट सांगितली. पन्नास किंवा त्याहून जास्त पूर्णवेळ माणसं कामाला असतील, तर तिकडच्या मालकाला पूर्णवेळ असलेल्या प्रत्येकाबद्दल दर महिन्याचा हिशेब द्यावा लागतो. त्याला विमा देऊ केला होता का, सर्वांत स्वस्त पर्याय घेतला असता तर त्याच्या खिशातून किती गेले असते, वगैरे. आणि हे सगळं ‘१ए’, ‘१ई’, ‘२सी’ अशा सांकेतिक भाषेत. हे फॉर्म भरणाऱ्या त्या अनोळखी अमेरिकन अकाउंटंटबद्दल मला भावासारखी माया वाटली. सख्ख्या म्हणतोय मी. चुलत भावांची आमची केस अजून तासगाव कोर्टात आहे.

“आपण माणसांवर एवढा खर्च करतो काका, आणि त्यांना पत्ताच नसतो,” धाकटे मालक म्हणाले. “आपणही प्रत्येकाला एक पत्र देऊ.”

पत्ता नसतो हे मात्र खरं. आपल्याकडे कामगारांच्या गटविम्याचा हप्ता कंपनीनं भरला, तर तो कामगाराचा करपात्र लाभ धरत नाहीत. त्यामुळं फॉर्म १६ मध्ये तो पगार म्हणून येत नाही, आणि जे पगारात येत नाही ते आमच्या लोकांच्या लेखी आलेलंच नसतं.

आमच्याकडे विम्याचे दोन पंथ आहेत. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले बावन्न जण ईएसआयमध्ये. त्यांच्या पगारातून पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन टक्के. वरचे बावीस जण एका विमा कंपनीच्या गट पॉलिसीत. तीन लाखांचं कवच, कुटुंबामागे हप्ता १४,२०० रुपये, पूर्ण कंपनीचा. या बावीसांत मीही आहे.

पत्र लिहायचं म्हणजे आधी माहिती नीट हवी, म्हणून मी गट पॉलिसीची यादी काढली. माणूस, बायको, दोन पोरं, आईबाप. विमावाले माणसं म्हणत नाहीत, ‘लाइव्ह्ज’ म्हणतात. “सर, तुमच्या टोटल लाइव्ह्ज किती?” असं एक मुलगी फोनवर विचारते, तेव्हा आपण यमाच्या ऑफिसात कारकून असल्यासारखं वाटतं. तर आमच्या लाइव्ह्ज सत्त्याण्णव. यादी पाठवली आणि अर्ध्या तासात त्या मुलीचा फोन.

“सर, तुमच्या डेटामध्ये प्रॉब्लेम आहे. एकोणचाळीस लोकांची जन्मतारीख सेम आहे. एक जून.”

“बरोबर आहे.”

“सर, हे कसं पॉसिबल आहे?”

आता त्या मुंबईच्या पोरीला काय सांगू? आमच्याकडे पोराचा हात डोक्यावरून कानाला पुरला की त्याला शाळेत नेऊन बसवायचे. हेडमास्तर विचारायचे, जन्म कधीचा? बाप म्हणायचा, शाळू काढणीला आला तेव्हाचा. मास्तर लिहायचे, एक जून. शाळेला सोयीची तारीख. अशी जत ते शिराळा, अख्खी एक पिढी मास्तरांच्या टाकातून एकाच दिवशी जन्मली. मी तिला थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, “ओके सर, रिमार्कमध्ये टाकते.” काय टाकलं देव जाणे.

पुढचा घोटाळा मात्र माझा. मी ०१/०६ लिहिलं होतं. फाईल कुठल्या तरी कॉम्प्युटरवर अमेरिकन रीतीनं उघडली. तिकडे महिना आधी आणि तारीख नंतर. एकोणचाळीस माणसं गुपचूप ६ जानेवारीला जन्मली. कार्डं छापून आली, मी नावं तपासली आणि वाटून टाकली. तारखेकडे माझं लक्ष गेलं नाही, आणि ज्यांची ती होती त्यांचंही नाही. स्वतःची जन्मतारीख त्यांच्या कधी ओळखीची नव्हतीच.

मग पत्रं तयार झाली. मथळा धाकट्या मालकांचा: ‘तुमच्या एकूण लाभांचे मूल्य’. त्याखाली पगार, पीएफचा मालकाचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद, बोनस, विमा, गणवेश, बूट. धाकटे मालक म्हणाले, चहा पण धरा. दिवसाला दोन कप, कपाला पाच रुपये, वर्षाचे तीनशे दिवस. लिहिले तीन हजार.

शनिवारी सुट्टीच्या वेळेला पत्रं वाटली. सोमवारी माझ्या दारात रांग.

पहिला आला तो चहावरच घसरला. “सायेब, ह्यो तीन हजाराचा चहा कुटला? आमी पितूय त्यात दूध घालत्यात का दूध दावत्यात?” दुसऱ्यानं शांतपणे हिशेब मांडला. गेल्या पाच वर्षांत घरात कुणी आजारी पडलं नाही, तेव्हा पाच वर्षांचे हप्ते मिळून एकाहत्तर हजार होतात, तेवढे रोख द्यावेत. चहाचे वाटलं तर ठेवून घ्या. मी म्हटलं, अरे, विमा म्हणजे आजारी पडलास तर. तो म्हणाला, “न्हाई पडलो की!” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वॉचमन मामांनी तर, ग्रॅच्युइटीचा आकडा लिहिलाय त्या अर्थी मला काढायचं ठरलंय, असं समजून सकाळीच गावी फोन केला होता.

पण खरा मार घरून आला. सोमवारी दुपारी तीन वहिन्यांचे फोन. प्रश्न एकच. पत्रात वर्षाचे तीन लाख वीस हजार दिसतात, घरात येतात दोन लाख चाळीस. मधले ऐंशी हजार आमचे हे कुठं घालवतात? मी पीएफ समजावला, ग्रॅच्युइटी समजावली. त्यातल्या एकीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “भावजी, तुमी त्यांच्याच बाजूचं बोलणार.” माधवनगरच्या त्या घरात त्या रात्री चूल पेटली नाही असं ऐकतो.

या गर्दीत लेथवाले तात्या शेवटपर्यंत थांबले होते. शिक्षण सातवी, वय चोपन्न, पगार २०,४००. एप्रिलपासून त्यांना आठशे रुपये वाढ लागणार होती. वाढीचं पत्र त्यांनी लाभांच्या पत्राला टाचणीनं जोडून आणलं होतं.

“सायेब, ही वाढ नको.”

एकोणीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

“का हो तात्या?”

“वीस चारशे आनि आठशे, किती झालं? एकवीस दोनशे. म्हंजे ईएसआयचं कार्ड गेलं. गेल्या साली कारभारणीचं खुब्याचं आपरेशन झालं मिरजंत. माझा एक रुपाया गेला न्हाई. तुमच्या त्या दुसऱ्या विम्याला तीन लाखाचं झाकण हाय. ह्येला झाकनच न्हाई.”

“अहो, पण वाढ मालकांनी मंजूर केलीय.”

“मग एप्रिलपासनं लावू नका, मे पासनं लावा. एक एप्रिलला एकवीसच्या आत असलो की सप्टेंबरपतुर आपन आतच. मग वर्गनी वाढीव पगारावर कापा, आपली ना न्हाई. आनि एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गनीवर फुडल्या जानेवारी ते जून उपचार चालत्यात. म्हंजे फुडल्या जूनपतुर कार्ड जित्तं.”

मी पेन खाली ठेवलं.

“न्हाईतर आसं करा, वाढीऐवजी ओव्हरटाइम द्या. ओव्हरटाइमवर वर्गनी कापत्यात, पन एकवीसाच्या मापात त्यो धरत न्हाईत.”

रात्री घरी जाऊन नियम काढून बघितले. शब्द न् शब्द बरोबर. वाढ मे महिन्यापासून लागली. वरिष्ठांसाठी मी शेरा मारला, ‘प्रशासकीय कारणास्तव’. चौऱ्याहत्तर माणसांत लाभाचं मूल्य एकट्या तात्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना पत्राची गरज नव्हती.

माझं स्वतःचं पत्र मी घरी नेलं नाही. टेबलाच्या खणात ठेवलं. वहिन्यांचे फोन घेतलेल्या माणसाला एवढी अक्कल येतेच.

पुढच्या महिन्यात आईच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. आम्ही सांगलीचे लोक मिरजेला एरवी कितीही नावं ठेवोत, दुखायला लागलं की मिरजच. डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथं रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून सतारी आणि दवाखाने या दोन गोष्टींसाठी माणसं तिथं लांबून येतात. आम्ही एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. काउंटरवर मी ऐटीत विम्याचं कार्ड काढलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या फायली केल्या, आज पहिल्यांदा आपली.

“सर, आधारवर एक जून आहे. कार्डवर सहा जानेवारी. मंजुरी येणार नाही.”

माझ्या पोटात गोळा आला. मी ईमेल करतो, फोन लावतो, तोवर आई बाकावरून म्हणाली, “सहा जानेवारीच बरोबर आहे. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यातला जन्म माझा. तुझी आजी सांगायची, सुगडी आणायला कुंभाराकडं निघाली होती आणि वेणा सुरू झाल्या.”

म्हणजे मास्तरांनी चुकवलेली तारीख सत्तर वर्षांनी एका बिघडलेल्या फाईलनं दुरुस्त केली होती! आणि आता मला ती पुन्हा चुकीची करून घ्यायची होती. त्यासाठी दोन ईमेल, पाच फोन, कंपनीच्या लेटरहेडवर पत्र. पत्रावर सही करायचा अधिकार ज्याला आहे तो मीच, आणि मी दवाखान्यात. शेवटी धाकट्या मालकांनी सही करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. मंजुरी साडेतीनला आली.

बिल ३८,००० रुपये. मंजूर २५,०००.

“बाकीचे?” मी विचारलं.

“सर, तुमच्या पॉलिसीत मोतीबिंदूला एका डोळ्यामागे पंचवीस हजारांची मर्यादा आहे.”

हे वाक्य कुठं तरी ऐकल्यासारखं वाटलं. मग आठवलं, ऐकलेलं नव्हतं, बोललेलं होतं. दोन वर्षांपूर्वी नूतनीकरणाला हप्ता फार सांगत होते, तेव्हा मीच एजंटाला म्हणालो होतो, “मोतीबिंदूला कशाला मोकळं रान? लावा की मर्यादा.” माणशी चारशे रुपये वाचले होते. थोरल्या मालकांनी माझी पाठ थोपटली होती आणि भडंगाचा पुडा दिला होता.

तेरा हजार मी कार्ड घासून भरले.

परतताना रिक्षात आई डोळ्यावर हिरवी पट्टी लावून बसली होती. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “किती गेले रे?”

“तेरा हजार.”

“आणि ती कंपनी कंपनी म्हणतोस, तिनं काय दिलं?”

“पंचवीस दिले.”

“मला तर कुणी दिसलं नाही देताना.”

मी ‘तुमच्या एकूण लाभांचे मूल्य’ समजावून सांगायला तोंड उघडलं. सातव्या वाक्याला तिनं हातानं थांबवलं.

“दुसऱ्या डोळ्याला किती पडतील?”

“तेवढेच. मर्यादा आहे त्याला.”

“कुणी घातली?”

रिक्षा वानलेसवाडीतून जात होती. मी बाहेर दुकानांच्या पाट्या वाचायला लागलो.