कोयता पब्जीतून येत नाही

मी नाशिकच्या इंदिरानगरात दहावी-बारावीचे क्लास घेतो, म्हणजे ओघानेच पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांचा ॲडमिनही आहे. या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सुरुवात ‘पालकांनो, वेळीच जागे व्हा’, शेवट ‘किमान दहा ग्रुपवर पाठवा’. मधलं म्हणणं असं: मारधाडीचे गेम खेळणारी मुलं पुढे खरीखुरी मारधाड करतात, हे शास्त्राने सिद्ध झालंय. अमेरिकेत शाळांमध्ये गोळीबार करणारे सगळे गेमवेडे निघाले. तिथलं लष्करही सैनिकांना मारायला गेमवरच शिकवतं. लखनौत एका मुलाने पब्जीपायी आईला गोळी घातली. म्हणून तर सरकारने पब्जी बंद केलं. नाशिकच्या पोरांच्या हाती कोयते आले तेही यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेनेही गेमला आजार ठरवलंय. तेव्हा मोबाईल आजच काढून घ्या आणि ऐकलं नाही तर दोन ठेवून द्या.

‘सर, खरंय का हो हे?’ असं बऱ्याच जणांनी विचारलं. ग्रुपवर ‘नाही’ एवढंच लिहून भागलं नसतं.

अमेरिकेपासून सुरू करू, कारण ही समजूत मुळात तिथली. १९९९ मध्ये कोलंबाईन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी १३ जणांचा जीव घेतला. दोघेही ‘डूम’ हा गोळीबाराचा गेम खेळायचे, हे खरं. तेव्हापासून अशी घटना घडली की आधी गेम शोधायचा, अशी रीतच पडली. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले, तेव्हाही टीव्हीवर लगेच गेमकडे बोट दाखवून झालं. चौकशी समितीच्या अहवालात निघालं भलतंच. खोलीत सोबत राहणाऱ्यांनी त्या तरुणाला गेम खेळताना पाहिलंच नव्हतं. लहानपणी खेळायचा तो ‘सॉनिक’, म्हणजे निळा प्राणी पळत पळत कड्या गोळा करतो तो. २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारणाऱ्याकडे बंदुकीचे गेम होते. पण तासन्‌तास तो रमायचा ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’मध्ये, पडद्यावरच्या बाणांप्रमाणे पाय टाकत नाचायच्या गेममध्ये. नाचाने मुलं बिघडतात असा मेसेज मला अजून आलेला नाही.

आता ‘सगळे’ या शब्दाचा हिशेब. अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस आणि तिथलं शिक्षण खातं यांनी मिळून १९७४ ते २००० या काळातल्या शाळांवरच्या ३७ हल्ल्यांचा आणि ४१ हल्लेखोरांचा अभ्यास केला. अहवाल २००२ चा. हिंसक गेममध्ये रस असलेले निघाले १२ टक्के. हिंसक सिनेमात रस असलेले २७ टक्के आणि पुस्तकांत २४ टक्के. सगळ्यांत जास्त, ३७ टक्के, होते ते स्वतःच्या कवितांत, निबंधांत, डायरीत हिंसा लिहिणारे. १९७४ मध्ये आजच्यासारखे गेम नव्हते, त्यामुळे १२ चा आकडा जरा कमी दिसत असेल, मान्य. तरी तो ‘सगळे’च्या जवळपासही जात नाही. याच अहवालात आणखी एक आकडा आहे: ६८ टक्के हल्लेखोरांनी बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून मिळवली होती. तो मेसेजमध्ये नाही.

शिवाय आज कुठल्याही गुन्ह्यात सापडलेल्या पोराच्या मोबाईलमध्ये गेम सापडणारच. माझ्या अकरावीच्या बॅचमध्ये गेम न खेळणारा मुलगा शोधावा लागतो. गुन्ह्यात सापडलेल्या त्या पोराच्या डब्यात पोळीही सापडेल, पण गुन्ह्याचं खापर कोणी पोळीवर फोडत नाही.

आणखी एक गोष्ट बघा. ‘डूम’ आला १९९३ च्या डिसेंबरात. हिंसक गुन्ह्यांत अटक होणाऱ्या अमेरिकन अल्पवयीनांचं प्रमाण शिगेला पोचलं १९९४ मध्ये. पुढे गेम घराघरांत गेले, दिसायला अधिकाधिक खरे होत गेले, आणि त्याच काळात हे प्रमाण निम्म्याहून खाली आलं. गेममुळे गुन्हे घटले असं मी म्हणणार नाही, तो तर्क मेसेजच्याच जातीचा होईल. मात्र गेमने खुनी तयार होत असते, तर इतक्या वर्षांत कुठेतरी ते दिसायला हवं होतं.

‘शास्त्राने सिद्ध झालंय’ या वाक्यापाशी जरा थांबावं लागेल. असे प्रयोग झाले आहेत आणि काहींत परिणामही दिसला आहे. फक्त त्यांत मोजलं काय, ते मेसेज सांगत नाही. प्रयोगशाळेत मुलाच्या हातात सुरा देऊन ‘आता काय करतोस बघू’ असं म्हणता येत नाही. मग आक्रमकता मोजायला दुसरं काहीतरी शोधावं लागतं. २००० मधल्या एका गाजलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना ‘वुल्फेनस्टाइन ३डी’ हा गोळीबाराचा आणि काहींना ‘मिस्ट’ हा कोड्यांचा गेम दिला. नंतर एका स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याच्या कानात कर्कश आवाज सोडायची मुभा दिली आणि बटण कोण किती वेळ दाबून धरतो ते पाहिलं. दुसऱ्या एका पद्धतीत, ज्याला तिखट सोसत नाही अशा माणसासाठी सहभागी किती तिखट सॉस वाढतो, ते वजन करून बघतात. तिखट वाढणं हीच हिंसेची खूण धरायची, तर नाशिकच्या निम्म्या मिसळवाल्यांना तडीपार करावं लागेल.

थट्टा सोडा. मुद्दा एवढाच, की वीस मिनिटं गेम खेळून उठलेला मुलगा थोडा तापलेला असतो हे एक, आणि तो जाऊन कोणाला भोसकतो हे पूर्ण वेगळं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने, अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने, मार्च २०२० मध्ये नेमकं हेच सांगितलं. हिंसक गेम आणि ओरडणं, ढकलाढकली अशा वागण्यात छोटासा पण वारंवार दिसणारा संबंध आहे. प्रत्यक्ष हिंसाचाराशी तो जोडायला पुरेसा पुरावा नाही. ही संघटना गेमवाल्यांची कैवारी नव्हे. हिंसक गेम आणि आक्रमकता यांचा संबंध आहे, असं तिने २०१५ मध्येही ठामपणे म्हटलं होतं.

थोडा वेळ खेळवून लगेच मोजायचं, यापुढे जाणारे अभ्यासही आहेत. जर्मनीत मोठ्या माणसांच्या एका गटाला दोन महिने रोज ‘जीटीए ५’ हा मारधाडीचा गेम खेळायला लावला. दुसऱ्या गटाला ‘सिम्स ३’ हा घरसंसाराचा गेम दिला आणि तिसऱ्याला काहीच नाही. ‘जीटीए’वाले अधिक आक्रमक झाले नाहीत. अभ्यास लहान होता, ७७ जणांचा. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये १४-१५ वर्षांच्या हजारभर मुलांचा अभ्यास झाला. त्यात गेम किती हिंसक ते मुलांना विचारलं नाही, अधिकृत वयोगट-प्रमाणपत्रावरून ठरवलं. मुलगा घरी कसा वागतो तेही त्याला न विचारता पालकांना विचारलं. संबंध सापडला नाही.

आता मेसेजच्या बाजूचा सर्वांत दमदार पुरावा, कारण तो दडवून उत्तर देणं लबाडी होईल. २०१८ मध्ये २४ अभ्यासांची, म्हणजे १७ हजारांहून जास्त मुलांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. हिंसक गेम खेळणाऱ्यांमध्ये पुढच्या काळात शारीरिक आक्रमकता किंचित वाढलेली दिसली. मूल आधीपासून किती आक्रमक होतं हे वजा केल्यावर उरला तो परिणाम मुलामुलांतल्या फरकाचा एक टक्काही समजावून देत नाही. हा शून्य नाही, पण एवढ्यावर कोयत्याचा इमला उभा राहत नाही. कॅलिफोर्नियाने मुलांना हिंसक गेम विकायला बंदी घातली होती. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा रद्द केला. मुख्य आधार अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा होता, पण पुढे ठेवलेले हे अभ्यासही न्यायालयाला पटले नाहीत.

लष्कराचं झटपट उरकतो. १९९० च्या दशकात अमेरिकन मरीननी ‘डूम’ बदलून वापरला होता, खरं आहे. उद्देश होता तुकडीने एकत्र हलायचं आणि पटकन निर्णय घ्यायचा याचा सराव. गेममधून थेट डोक्यात गोळी मारायचा नेम बसतो, असं सांगणारा एक शोधनिबंध २०१२ मध्ये गाजला होता. आकडेवारीत न जुळणाऱ्या गोष्टी सापडल्यावर नियतकालिकाने तो २०१७ मध्ये मागे घेतला आणि विद्यापीठाने पहिल्या लेखकाची पीएचडीही काढून घेतली. असे मेसेज मात्र कोणी मागे घेत नाही.

लखनौची घटना मात्र झटकून टाकण्यासारखी नाही. जून २०२२ मध्ये १६ वर्षांच्या मुलाने वडिलांच्या परवान्याच्या पिस्तुलाने आईवर गोळी झाडली. आई गेम खेळू देत नव्हती, असं कारण पोलिसांच्या हवाल्याने छापून आलं. ते जसंच्या तसं खरं धरू. तरी त्यातून दिसतं काय? गेमने त्याला मारायला शिकवलं असं नव्हे, गेम काढून घेण्यावरून घरात भांडण पेटलं. गेमच्या जागी बाईक असती, एखादी मैत्रीण असती, तरी ते पेटू शकलं असतं. आणि अशी भांडणं घरोघरी होतात. इंदिरानगरातही रात्री अकराला होतात, आवाज खालच्या मजल्यावर येतो. त्यातली बहुतेक दार आपटून संपतात. लखनौत हाताशी पिस्तूल होतं. वरचा ६८ टक्क्यांचा आकडा इथे आठवा. बातम्यांच्या मथळ्यात पब्जी आलं आणि पिस्तूल आतल्या मजकुरात गेलं.

‘म्हणून सरकारने पब्जी बंद केलं’ हे तर सरळच चूक आहे. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी मोबाईलसकट ११८ ॲप बंद झाली, ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली. कारण दिलं होतं देशाचं सार्वभौमत्व आणि सुरक्षेचं. लडाखमध्ये चीनशी तणाव होता आणि ॲप चिनी कंपन्यांशी जोडलेली होती. मुलांवरच्या परिणामाचं कारण देऊन बंदी आली होती ती मार्च २०१९ मध्ये राजकोटला, पोलिसांच्या आदेशाने, आणि तिथे काही तरुणांना अटकही झाली. देशात २०१९ मध्ये २८,९१८ खुनांचे गुन्हे नोंदले गेले, २०२० मध्ये २९,१९३ आणि २०२१ मध्ये २९,२७२. बंदीच्या आधी आणि नंतर आकडा जागचा फारसा हलला नाही.

आता नाशिक. अल्पवयीन पोरं कोयत्यांसह सापडतात हे कोण नाकारेल? सिडको-सातपूरकडे राहणाऱ्यांना तर ते सांगायलाही नको. पण पब्जीत खेळणाऱ्यांचं सगळ्यांत लाडकं हत्यार कोणतं, हे आपल्या पोराला विचारा. तवा! हातात विळा किंवा मॅशेटी, म्हणजे कोयत्यासारखं लांब पातं, असलं तरी लोक फ्राय पॅनच शोधतात, पाठीला लावला की गोळीही अडते. नाशकात अजून तव्याची टोळी निघालेली नाही. कोयत्याची निघाली, कारण कोयता दुकानात मिळतो आणि वापरायला लावणारा ‘भाई’ गल्लीत राहतो. त्याच्या वाढदिवसाचे फलक चौकात लागतात, केक तलवारीने कापला जातो, त्याचं रील बनतं आणि ते रील सातवीतलं पोरगं बघतं. त्या पोराला खुणावतो तो भाईचा दरारा.

२०२५ च्या ऑक्टोबरात शहर पोलिसांनी गुंडांना धरून त्यांच्याच तोंडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ वदवून घेतलं, ते व्हिडिओ याच ग्रुपांवर सगळ्यांनी हौसेने पाहिले. त्या मोहिमेत राजकीय पक्षांशी लागेबांधे असलेल्यांवरही हात पडला. तेव्हा गेमिंग कॅफेवर धाडी घाला, असं कोणाला सुचलं नव्हतं. पोरांच्या मागे प्रौढ ‘भाई’ असतो, हे कायद्यालाही ठाऊक आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ मध्ये, मुलांना बेकायदा कामाला जुंपणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड सांगितलाय. आणि खून कशावरून होतात म्हणाल, तर २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत २८,५२२ पैकी ९,९६२ प्रकरणांत कारण ‘वाद’ आहे आणि त्याखालोखाल ३,७६१ मध्ये वैयक्तिक वैर.

जागतिक आरोग्य संघटनेचं निम्मं खरं आहे. २०१९ मध्ये मान्य झालेल्या आणि २०२२ पासून लागू असलेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे. त्याची लक्षणं म्हणजे खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला महत्त्व देणं, नुकसान होतंय हे दिसूनही न थांबणं, आणि हे सहसा वर्षभर चालणं. मारामारी त्यात नाही, आणि ‘कॅंडी क्रश’नेही तो होऊ शकतो. तुमचा मुलगा पहाटे तीनपर्यंत जागत असेल आणि माझ्या सातच्या बॅचला डुलक्या काढत असेल, तर त्याबद्दल जरूर भेटा. त्यावर बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

राहिला मेसेजचा उपाय, ‘दोन ठेवून द्या’. मुलांना मारण्यावरचे पन्नास वर्षांतले ७५ अभ्यास, सुमारे १ लाख ६० हजार मुलांची माहिती, २०१६ मध्ये एकत्र तपासली गेली. मार खाणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकता आणि बेबंद वागणं जास्त आढळलं. इथेही तीच सावधगिरी हवी. दंगेखोर मूल मार जास्त खातं, त्यामुळे कशाने काय झालं हे सुटं करणं अवघड असतं. पण मारल्याने मूल दीर्घकाळ सुधारतं, असं त्या ढिगात निघालं नाही.

शाळेत मुलाला मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे. माझ्या क्लासलाही तोच नियम, मग ग्रुपवर कोणी ‘सर, तुम्हीच लावा दोन, आमची हरकत नाही’ असं लिहिलं तरी.