आशियाई म्हणजे नक्की कोण?

वाद पेटवला नित्याने. मामांच्या चेहऱ्याच्या नसेच्या कळांवर कार्बामाझेपिन चालू आहे. त्या गोळ्यांच्या खोक्यातला घडीचा कागद पठ्ठ्या मोबाइलच्या उजेडात वाचत बसला. म्हणे, आशियाई वंशाच्या रुग्णांनी आधी 'एचएलए-बी १५:०२' हा जनुकाचा प्रकार आपल्यात आहे का ते तपासून घ्यावं, नाहीतर अंगाची साल निघू शकते.

"बंद कर गोळ्या!" संज्याचा निकाल तयारच असतो.

"डॉक्टरांना न विचारता? आणि मामा कधीपासून घेतायत?" मेघा लॅबमध्ये काम करते.

"दीड वर्ष."

"मग कशाला घाबरवतोस? हा धोका बहुतेक पहिल्या दोन-तीन महिन्यांतच असतो."

मामा सुटले, पण संज्या सुटला नाही. "पण आपण आशियाईच ना?"

"जपानीही आशियाईच. त्यांच्यात हे १५:०२ जवळपास नाहीच, तिथे दुसरंच सापडलं, ए ३१:०१. हे प्रकरण निघालं तैवानमध्ये, २००४ साली. साल निघालेल्या ४४ पैकी ४४ जणांत १५:०२! गोळी पचलेल्यांत फक्त ३ टक्के."

एचएलए म्हणजे पेशीने बाहेर मांडलेलं ताट: आत काय शिजतंय ते टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांना दाखवायचं. १५:०२ च्या ताटाला हे औषध चिकटतं आणि टी-पेशी आपल्याच कातडीवर तुटून पडतात. आधी ताप, मग तोंडात, डोळ्यांत फोड.

"आणि आपल्याकडे?" मी विचारलं.

"२००९ च्या एका अभ्यासात साल निघालेल्या आठपैकी सहा जणांत सापडलं."

"आठ माणसांवर देशाचा हिशेब?" नित्या म्हणाला. बरोबरच होतं. जातीतल्या जातीत लग्नं लावणाऱ्या देशात सरासरीला तरी काय अर्थ?

"मग सगळ्यांचीच टेस्ट करा," संज्या. "तैवानने केलीच ना?"

केली. गोळी सुरू करण्याआधी, ४,८७७ जणांची. ७.७ टक्के पॉझिटिव्ह निघाले, त्यांना ती गोळी दिली नाही. एरवी दहाएक जण सोलले गेले असते, तिथे एकही नाही. मला वाटलं, विषय संपला.

"हाँगकाँगचं ऐक," मेघा म्हणाली. "२००८ ला टेस्ट सक्तीची केली. डॉक्टरांनी टेस्टची कटकट नको म्हणून फेनिटॉइनसारखी दुसरी औषधं लिहायला घेतली. कार्बामाझेपिनच्या केसेस शून्यावर, फेनिटॉइनच्या वाढल्या. बेरीज तेवढीच!"

"मग फेनिटॉइनचीही टेस्ट करा."

"त्याचं मुख्य जनुक वेगळं, सीवायपी२सी९. औषधाचा निचरा करणारं."

"म्हणजे दोन टेस्ट. पैसे?"

"तैवानात १५:०२ चे सरकारी विमा देतो."

"आणि इथे?"

मेघाने नुसतं संज्याच्या खिशाकडे बोट दाखवलं.