कॅम सेन्सर बदलण्याआधी मल्टीमीटर काढा

गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "एसयूव्ही उशिरा स्टार्ट होते, चेक लाइट पेटला, तर कॅम सेन्सर बदला. टायमिंग चेन आयुष्यभराची असते. सकाळचा खडखडाट थंडीमुळे. जाड ऑइल टाका, थांबेल." उशिरा स्टार्ट होण्यामागे कॅम सेन्सर, म्हणजे वाल्व उघडणाऱ्या कॅम शाफ्टची जागा सांगणारा सेन्सर, असू शकतो, एवढंच त्यात खरं.

"कोड कॅमचा, म्हणजे सेन्सर गेला." कोड म्हणजे चेक लाइट पेटल्यावर स्कॅनरवर दिसणारा नंबर; तो फक्त ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) कोणता सिग्नल पटला नाही तेवढं सांगतो. पी ०३४० हा कॅम सेन्सरच्या सर्किटचा कोड. त्यात सेन्सर येतो, कपलर (वायरचा प्लग) येतो, वायरिंगही येतं. गाडी कुटाराजवळ किंवा कापूस भरलेल्या खोलीला लागून उभी राहत असेल तर आधी उंदरानं कुरतडलेली वायर शोधा. मग कपलर उघडून हिरवट गंज, पाणी, ऑइल बघा. पांदणीचा चिखल काढायला प्रेशरनं इंजिन धुणाऱ्यांच्या गाडीत हे हमखास सापडतं.

आता मल्टीमीटर. तीन वायरच्या हॉल (चुंबकीय) सेन्सरचा कपलर जोडलेलाच ठेवा आणि मागच्या बाजूनं पिन लावा. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चावी ऑन, इंजिन बंद. सप्लाय वायरवर बहुतेक गाड्यांत ५ व्होल्ट (काहींत १२) आणि अर्थवर ०.१ व्होल्टपेक्षा कमी दिसायला हवं. मग क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य शाफ्ट) पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनंच हळू फिरवा. तेवढ्यात कोणी सेल्फ मारणार नाही, हे बघा. सिग्नल वायरवर व्होल्टेज शून्याजवळून वर आणि परत खाली असं बदलत राहिलं पाहिजे. सप्लायच नसेल तर कितीही नवे सेन्सर लावा, कोड परत येणार. सप्लाय-अर्थ ठीक आणि सिग्नल एकाच जागी अडकलेला असेल, तर ऑइल फिलरच्या तोंडातून कॅम फिरतोय का ते बघा. कॅम फिरतोय, सिग्नल वायर ईसीयूपर्यंत शाबूत आहे, तरी सिग्नल नाही, तेव्हाच सेन्सर बदला. हॉल सेन्सरचे ओहम मोजण्यात अर्थ नाही.

"चेन आयुष्यभराची." टायमिंग चेन म्हणजे क्रँकवरून कॅम फिरवणारी साखळी. कंपनी बेल्टसारखं चेन बदलायचं अंतर सहसा देत नाही, त्यातून हा समज झाला. कडीकडीतली पिन आणि बुश थोडी थोडी झिजतात, त्याची बेरीज होऊन चेन लांबते आणि कॅम मागे पडतो. चेन ताणून धरणारा टेन्शनर ती ढील काही काळ सावरतो. नंतर पी ००१६ कोड येतो, म्हणजे कॅम आणि क्रँकचा मेळ बसत नाही. पेट्रोल गाडीत व्हीव्हीटीचा (वाल्व उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचा) सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा ऑइलचा वाल्व, जाम झाला तरी हाच कोड येऊ शकतो, म्हणून तो आधी तपासा. मग टॅपेट कव्हर (इंजिनचं वरचं झाकण) उघडा, खुणा जुळवा, क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवा. पुली आणि कॅमच्या खुणा परत जुळल्या पाहिजेत. चेनच्या रंगीत कड्या त्या वेळी खुणेवर दिसणार नाहीत, त्यानं घाबरू नका. उलटं मात्र फिरवू नका, चेन ढिली होऊन दात सुटू शकतो.

"जाड ऑइल टाका." बहुतेक टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतात. डिसेंबरच्या पहाटे जाड ऑइल तिथं आणखी उशिरा पोचतं, म्हणजे खडखड वाढायचीच. बीएस६ डिझेलमध्ये चुकीचं ऑइल डीपीएफही (सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळी अडवणारा फिल्टर) लवकर भरून टाकतं. डिपस्टिक बघा, लेव्हल कमी किंवा ऑइल काळं-चिकट असेल तर मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर टाका. त्यानंतरही चेन कव्हरला लांब पेचकस टेकवून कान लावल्यावर गरम इंजिनातही खडखड येत असेल, किंवा सोबत पी ००१६ असेल, तर सेल्फ मारू नका. चेन सुटली की डिझेलमध्ये वाल्व पिस्टनवर आदळून वाकतात आणि काम इंजिनच्या हेडपर्यंत जातं. गाडी तालुक्याला लोडिंगवरच न्या.

तिथं नुसती चेन बदलून घेऊ नका. टेन्शनर, गाईड, स्प्रॉकेट असं पूर्ण किट, कव्हरचं सील आणि कंपनीनं सांगितलं असेल तिथं क्रँक पुलीचा बोल्टही नवा. टायमिंग लॉक करायचं (कॅम आणि क्रँक जागेवर धरून ठेवायचं) टूल गॅरेजवाल्याकडे आहे का, हे गाडी खोलण्याआधी विचारा.