एक पाय विटेवर

चुलतभावाची हिमालयन ४५० आणि त्याच्या मित्राची केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर या दोन मोटारसायकलींची शहाद्याच्या एका चहाच्या टपरीसमोर मी शास्त्रशुद्ध तुलना करीत असताना एका अनोळखी आबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, याचा राग अजूनही पुरता गेलेला नाही.

हिमालयनचे आसन जमिनीपासून ८२५ मिलिमीटर उंच आहे आणि २०२५ च्या नव्या केटीएमचे ८३०. कागदावर क्षुल्लक वाटणारा हा फरक माझ्या उंचीच्या माणसाला एका गाडीवर चवडे आणि दुसरीवर केवळ अंगठे टेकवू देतो. हिमालयनचे आसन वाढवून ८४५ करण्याचीही सोय आहे. उंच माणसांची काळजी सर्वांनाच असते.

मी केटीएमवरून अंगठ्यांनी जमीन चाचपत होतो, तेव्हा बसची वाट पाहणारे आबा उठून आले. "अ‍ॅव्हरेज कितला देस?" तीसच्या आसपास, असे भावाने सांगताच त्यांनी हिमालयनच्या १७ लिटरच्या टाकीकडे पाहिले आणि म्हणाले, "म्हनीसनच टाकी इतली मोठी शे." त्यानंतर त्यांनी टपरीच्या चुलीजवळची एक वीट उचलली, माझ्या डाव्या पायाखाली सरकवली आणि दोन पावले मागे जाऊन मला निरखले. पंढरीच्या विठोबाला निदान दोन्ही पायांपुरती वीट मिळाली होती.

"आते बरं शे," आबा म्हणाले, "पन सिग्नल लागना म्हनजे ईट कोन ठेवी?"

हिमालयन ४० न्यूटन-मीटरचा जोर (टॉर्क) इंजिनाच्या मिनिटाला ५५०० फेऱ्यांनाच देते, केटीएमला ३९ साठी ६५०० फेरे लागतात, त्यामुळे तोरणमाळच्या घाटातील वळणांवर मला हिमालयनच अधिक भावेल, हे मी विटेवरूनच सांगू लागलो. केटीएमची ताकद ४० ऐवजी ४६ अश्वशक्ती असून ती हिमालयनच्या १९६ किलोंपेक्षा १३ किलोंनी हलकी आहे, हेही प्रामाणिकपणे जोडले. आबांनी त्यातले केवळ हिमालयनचे १९६ किलो ऐकले. "पडनी तं उचली कोन?" टपरीवरची सगळी मंडळी हसली आणि सर्वांत मोठ्याने माझा सख्खा चुलतभाऊ हसला.

वास्तविक या गाड्या इतक्या उंच असतात, त्याचे कारण सस्पेन्शनची सुमारे २०० मिलिमीटरची हालचाल आणि त्याहूनही अधिक मोकळी जागा गाडीच्या पोटाखाली सोडावी लागते, हे आहे. आपल्याकडच्या खड्ड्यांची खोली पाहता ती चैन नसून गरज आहे. म्हणजे रस्ते खचावेत, गाड्यांनी उंच व्हावे आणि भर बाजारात विटेवर मात्र मी चढावे, हा कोणता न्याय? पण हे ऐकवण्यापूर्वीच आबांची बस आली आणि ते खिडकीची जागा पकडून निवांत बसले.

भावाने काढलेला तो फोटो एव्हाना सगळ्या नातेवाइकांत फिरला आहे. पुण्याच्या मेव्हण्याचा लगेच फोन आला आणि माझी विचारपूस करण्याआधी त्याने विचारले, "अ‍ॅव्हरेज किती देते हो?"