परळात आता आपलं कोण आहे?

काकीच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला तेव्हा ती सत्तरीच्या जवळ होती. चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ तंबाखूची मिश्री. कणकवलीतल्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला, रिपोर्ट आला आणि म्हणाले, टाटाला न्या. घरात रडारड झाली, ती ओसरली, आणि मग काकीनेच विचारलं, "परळाक आता आपला कोण आसा?"

प्रश्न साधा नव्हता. टाटा हॉस्पिटल 1941 साली परळात उभं राहिलं, ते गिरणगावाच्या ऐन मध्यात. तेव्हा आणि पुढची कितीतरी वर्षं आमच्याकडच्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी लालबाग-परळात असायचं. गावकरी मंडळाची खोली असायची, वीस माणसं पाळीपाळीने झोपायची, आजारी माणूस गेला तर त्याला कोपरा मिळायचाच. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, खोल्या विकल्या, माणसं दिवा, नालासोपारा, विरारला फेकली गेली. हॉस्पिटल तिथेच राहिलं. आपली माणसं तेवढी हलली.

आमच्या भागात कॅन्सरच्या पेशंटसाठी काम करणारा एक छोटा गट आहे. पाच-सहा माणसं. एक निवृत्त एसटी कंडक्टर, दोन शिक्षिका, एक रिक्षावाला, बाकी जमेल तसे. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांना फोटो आवडत नाहीत. ही माणसं पेशंटबरोबर मुंबईला जातात. एवढंच.

आता "एवढंच" म्हणजे काय ते सांगतो. पहिल्या फेरीला रिपोर्टचा कागद पुरत नाही, बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तुकडेसुद्धा न्यावे लागतात, कारण टाटावाले ते पुन्हा तपासतात. हे न सांगता आलेली किती माणसं परत स्लाइड आणायला कणकवलीला आली असतील! कंडक्टरदादा निघायच्या आदल्या दिवशी घरी येऊन पिशवी उघडून बघतात. तुतारी एक्सप्रेसने सकाळी दादरला उतरायचं, टॅक्सी, मग नोंदणीची रांग, जनरल की प्रायव्हेट ते ठरवणं, फाइल, मग हॉस्पिटलच्या इमारती, गोल्डन ज्युबिली कुठे आणि होमी भाभा ब्लॉक कुठे. गावातून पहिल्यांदा गेलेला माणूस नुसता जिने चढून-उतरून थकतो. रेल्वेची सवलत हाही त्यांचाच विषय. कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण माफी आहे, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के. पण त्याचा फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्यावा लागतो, आणि तो मागायचा असतो हेच बहुतेकांना माहीत नसतं.

काकीला ऑपरेशननंतर रेडिएशन सांगितलं. आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे. रोजचं काम काही मिनिटांचं, पण त्यासाठी दीड महिना मुंबईत राहायचं. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसला, दीड महिन्याची मुंबई कशी बसणार? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर रुग्णसेवा सदन या जागा आहेत म्हणून हजारो माणसं तगली, पण खाटा मोजक्या आणि माणसं देशभरातली. ज्यांना मिळत नाही ते समोरच्या फुटपाथवर. कधी गेलात तर बघा.

दर 4 फेब्रुवारीला आमच्याकडे रॅली निघते, केळी वाटतात, बॅनरवर पुढाऱ्याचा चेहरा पेशंटपेक्षा मोठा असतो. रॅली वाईट नाही. पण तोंड आलेल्या माणसाला सफरचंद देऊन फोटो काढणाऱ्याला मी एकदा सरळ बोललो, त्यानंतर तो माझ्याशी बोलत नाही. असो.

या गटाचं सगळंच मला पटतं असंही नाही. हिशोब एका वहीत, तोही अर्धा पेन्सिलने. सिंधुदुर्गातल्या काही पेशंटना गोव्यातलं बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, जवळ पडतं, तरी यांची गाडी मुंबईकडेच वळते. यावरून आमचे वाद झालेत. पण एक गोष्ट त्यांच्याकडूनच शिकलो. शेजारच्या वाडीतल्या एका घराने देवाला कौल लावल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवलं. मी असतो तर भांडलो असतो. कंडक्टरदादा म्हणाले, "कौल घे, गाऱ्हाणा घाल, पण तारीख चुकवू नको." आणि गाऱ्हाण्याला स्वतः जाऊन उभे राहिले. तो माणूस तारखेला गाडीत होता.

म्हणून मुंबईतल्या आमच्या मंडळींना विचारतोय. मंडळाच्या वार्षिक सभेत देवळाच्या कळसावर दोन तास चर्चा होते, जरूर व्हावी. पण परळ-दादरच्या आसपास भाड्याची एक खोली मंडळांनी मिळून घ्यायला काय हरकत आहे? पूर्वी होतीच की. आणि ज्याला पैसे जमत नाहीत त्याने महिन्यातला एक दिवस द्यावा, दादर स्टेशनवर सकाळी उभं राहायला.

काकीचं रेडिएशन संपलं. ती आता पेज आणि मऊ भातावर आहे, मिश्रीचा डबा तिने स्वतः विहिरीमागे पुरला. तपासणीच्या तारखा चालू आहेत.

येत्या गुरुवारी तुतारीला दोन पेशंट आहेत आणि सोबतीला एकच माणूस. शुक्रवारची रजा टाकलीय मी.