भाच्याच्या मोबाईलमधला ‘शिक्षण सोडा, धंदा करा’ मेसेज आणि माझं उत्तर

गेल्या महिन्यात कोल्हापुरात रंकाळ्यावर भेळ खाताखाता भाचा म्हणाला, मामा, बारावी झाली की मी बास करणार, पुढं शिकून काय उपयोग नाही, मी धंदा करणार. पोरगं अकरावीत आहे, अभ्यासात बरं आहे. मी विचारलं कसला धंदा, तर म्हणाला ते अजून ठरलं नाही. मग त्यानं मोबाईल काढून मला तो मेसेज दाखवला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडं आलाच असेल, रील पण आहे त्याची. बिल गेट्सनं कॉलेज सोडलं, झुकेरबर्गनं सोडलं, स्टीव्ह जॉब्सनं सोडलं. धीरूभाई पेट्रोल पंपावर होते. नोकरी म्हणजे गुलामी. धंद्याला पैसा नाही हिंमत लागते. विशीच्या आत सुरू करा नाहीतर उशीर झाला. मराठी माणूस घाबरतो म्हणून मागं आहे. पडलास तर परत उठ.

माझी शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे, म्हणजे कास्टिंग (ओतीव भाग) मशीनवर नेमक्या मापात आणून द्यायचं काम, तीन सीएनसी, एक व्हीएमसी, ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, अकरा माणसं, एकोणीस वर्षं झाली. धंद्यावर माझं प्रेम आहे म्हणूनच हे लिहितोय. पोरांनी उद्योजकांचं कौतुक करावं, जरूर करावं, पण त्या मेसेजमध्ये प्रत्येक माणसाची सुरुवात आणि शेवट तेवढा ठेवलाय, मधली वर्षं कापलीत आणि त्याच्या मागं कोण उभं होतं ते पण कापलंय. तेवढंच मी परत जोडून दाखवतो.

पहिला मुद्दा, कॉलेज सोडलं म्हणून मोठे झाले. गेट्सनं १९७५ ला हार्वर्ड सोडलं हे खरं. पण त्याच्या शाळेत १९६८ ला कॉम्प्युटरचं टर्मिनल आलं होतं, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता, म्हणजे कॉलेज सोडायच्या आधी सहा-सात वर्षं तो प्रोग्रॅमिंग करत होता, तेही जगात फार थोड्या पोरांना कॉम्प्युटर बघायला मिळत होता त्या काळात. वडील सिएटलमधले नावाजलेले वकील. फसलं असतं तर हार्वर्डचं दार उघडं होतं आणि घर पण होतं. झुकेरबर्गचे वडील डेंटिस्ट, आणि त्यानं सोडलं तेव्हा फेसबुक चालू होऊन लोक वापरत होते, आधी सोडलं आणि मग काय करायचं ते शोधलं असं झालं नाही. जॉब्सनं कॉलेज सोडलं १९७२ ला, ॲपल निघाली १९७६ ला, मध्ये अटारी ह्या व्हिडिओ गेमच्या कंपनीत नोकरी केली, आणि ज्यानं खरं मशीन बनवलं तो वॉझनियाक ॲपल सुरू झाली तेव्हा एचपी कंपनीत पगारावर होता. नोकरी त्यानं नंतर सोडली. कॉलेज सोडून काहीच न जमलेल्या पोरांची रील कोण बनवत नाही, म्हणून ती आपल्याला दिसत नाहीत, पण आहेत, आपल्या गल्लीत पण असतील.

धीरूभाईंचं तर मला जास्त सांगायचंय कारण पोरं त्यांचंच नाव सारखं घेतात. ते एडनला (आताच्या येमेनमध्ये) गेले आणि तिथं ए. बेस्से नावाच्या मोठ्या व्यापारी कंपनीत नोकरी केली, थोडीथोडकी नाही, आठ वर्षांच्या आसपास. माल कसा येतो, कागद कसे होतात, दर कुठं फिरतो हे सगळं दुसऱ्याच्या पगारावर शिकले, आणि १९५८ ला परत येऊन नात्यातल्या माणसाबरोबर भागीदारीत मुंबईत व्यापार सुरू केला. भांडवल १५,००० रुपये होतं असं सांगितलं जातं आणि १९५८ चे पंधरा हजार म्हणजे लई मोठी रक्कम. पंपावरून थेट रिलायन्स असं काय झालेलं नाही, ती आठ वर्षं म्हणजेच त्यांचं कॉलेज.

नोकरी म्हणजे गुलामी ह्याचं उत्तर आपल्या शेजारीच आहे. इथनं जवळच किर्लोस्करवाडी आहे, पोरांनी एकदा जाऊन बघावं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआय ह्या तांत्रिक शिक्षणाच्या संस्थेत शिकवायला होते, पगारी नोकरी. १८८८ ला बेळगावात सायकलचं दुकान निघालं ते कसं, तर हे मुंबईतनं सायकली घेऊन पाठवायचे आणि भाऊ रामूअण्णा तिकडं विकायचे, चालवायला पण शिकवायचे. नंतर लोखंडी नांगर बनवला तर शेतकरी म्हणायचे लोखंडानं जमिनीला विष चढतंय, पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. दोन वर्षं माल पडून! मग औंधच्या राजांनी जमीन दिली, कर्ज दिलं आणि १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा, म्हणजे त्या वेळी वय चाळिशीच्या आसपास. नोकरी, भाऊ, राजाचं कर्ज, विक्री नसलेली वर्षं, हे सगळं काढून टाकलं तर रील होते बघा, पण कारखाना होत नाही.

वयाचं इथंच उरकतो. अमेरिकेत अर्थतज्ज्ञांनी तिथल्या जनगणना खात्याच्या नोंदींवरनं २७ लाख संस्थापकांची वयं काढली, २०२० ला ते छापून आलं. सगळ्यात वेगानं वाढलेल्या, हजारात एक अशा कंपन्या बघितल्या तर सुरू करतानाचं सरासरी वय ४५ निघालं, आणि ज्यानं त्याच क्षेत्रात आधी काम केलंय त्याचे चान्स जास्त. आणि आपल्याकडं १८ पूर्ण नसतील तर केलेला करार कायद्यानं धरला जात नाही, बँक कर्जाच्या कागदावर सही घेत नाही, कंपनीचा डायरेक्टर होता येत नाही. सोळाव्या वर्षी पोरानं धंदा सुरू केला म्हणतात तेव्हा सही बापाची असते, आणि उद्या वसुलीला माणूस आला तर तो पण बापाकडंच येतो.

आता हिंमत लागते, पैसा नाही. ह्यावर मला जरा सविस्तर लिहू दे कारण रोज माझं हेच चालतं.

समजा मी जूनच्या २५ तारखेला एका कंपनीला जॉबवर्कचं (त्यांच्या मालावर मजुरीनं केलेल्या कामाचं) एक लाख ऐंशी हजाराचं बिल दिलं. वर जीएसटी लावला. तो जीएसटी मला २० जुलैच्या आत सरकारला भरायचाय, समोरच्यानं मला पैसे दिलेत की नाही ह्याच्याशी सरकारला घेणंदेणं नाही, बिल फाडलं की टॅक्स लागला. समोरचा देणार ९० दिवसांनी, तेही बोलीवर, म्हणजे सप्टेंबर संपत आला. मधल्या काळात ५ तारखेला मशीनचा हप्ता, ७ ला पगार, मग लाईट बिल, इन्सर्टवाला (मशीनची कापायची पाती देणारा), कूलंटवाला (मशीन थंड ठेवायचं द्रव देणारा). हे सगळं सीसीवर, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर चालतं आणि सीसीला व्याज रोज चढतंय. म्हणजे मोठ्या कंपनीला माझ्यासारखा छोटा माणूस बिनव्याजी पैसे वापरायला देतो, खरं चित्र हे आहे. कायदा आहे, २००६ चा एमएसएमई कायदा, ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. एप्रिल २०२४ पासून इन्कम टॅक्समध्ये पण आलं की मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. चांगलंच झालं, थोडाफार फरक पण पडला. पण तक्रार करायला गेलं की पुढची ऑर्डर जाते ही भीती प्रत्येकाला आहे, मला पण आहे, एका कंपनीनं माझे पैसे सात महिने लटकवले तरी मी कुठं अर्ज केला नाही. त्या सात महिन्यांत बायकोच्या पगारावर घर चाललं, ती शाळेत शिक्षिका आहे. माझ्या धंद्याची हिंमत कुणी विचारली तर मी तिच्या पगाराकडं बोट दाखवीन. इन्फोसिसचं पण तेच, १९८१ ला नारायण मूर्तींना सुधाताईंनी स्वतःच्या बचतीतले १०,००० दिले आणि त्या नोकरी करत होत्या. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला हे कुठल्या रीलमध्ये नव्हतं.

मुद्रा कर्ज आहे ना, असं पोरं लगेच म्हणतात. आहे, शिशुमध्ये ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाख, तरुण १० लाख, तारण लागत नाही, जरूर घ्या. पण तारण नाही म्हणजे परत द्यायचं नाही असं नाही, हप्ता चुकला की सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) पडतो आणि पंचविसाव्या वर्षी तोच पोरगा गाडीच्या लोनला गेला की बँक दारातनं परत पाठवते.

आपण आपले मालक हे पण बघूया. चार वर्षांपूर्वी रात्रपाळीला नवीन ऑपरेटर होता, इन्सर्ट बदलला आणि मशीनमध्ये त्याच्या मापाचा आकडा, म्हणजे ऑफसेट, चुकीचा टाकला, पहिला नग गेजला (माप तपासायच्या साधनाला) लावून बघायचा तो पण बघितला नाही. सकाळी सातला मी गेलो, पेटीतला नग उचलून गेज लावला तर नो-गो बाजू, जी आत जायलाच नको, ती सरळ आत गेली. दुसरा उचलला, तो पण. खाली बसून सगळे १४० तपासले, बोर, म्हणजे आतलं भोक, ४० मायक्रॉननं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठं. लहान राहिलं असतं तर परत मशीनवर लावून घेता आलं असतं, मोठं झालेलं बोर लहान होत नाही, सरळ भंगार. कास्टिंग कंपनीचं, एकाची किंमत ३१० रुपये, म्हणजे ४३,४०० ची डेबिट नोट, तेवढे पैसे माझ्या बिलातनं वजा. आणि मला एका नगाची मजुरी किती तर ४२ रुपये. हिशोब करा, ते भरून काढायला हजारावर नग मी फुकटात मारले, लाईट आणि पगार अजून वेगळाच. त्या पोराला काढलं नाही, चूक माझी पण होती, नवीन माणूस रात्री एकटा ठेवला. मालक म्हणजे हे, सगळ्यांच्या चुकीचे पैसे शेवटी एकाच्या खिशातनं जातात. आणि गिऱ्हाईक, बँक, ऑडिटला येणारा क्वालिटीचा माणूस, ह्यांच्यापुढं मी रोज हो साहेबच म्हणतो. नोकरीत एक साहेब असतो, इथं लई असतात.

मराठी माणूस घाबरतो हे वाक्य मात्र वाचून मला मनापासून राग येतो. कोल्हापुरात राहून हे पुढं पाठवणाऱ्यानं उद्यमनगरातनं एक चक्कर मारावी. शाहू महाराजांनी १८९५ ला शाहूपुरीची पेठ वसवली, गुळाचा व्यापार तिथं उभा राहिला, १९०६ ला शाहू मिलची सुरुवात केली. हुपरीत घराघरात चांदीचं काम, इचलकरंजीत माग, शिरोली-गोकुळ शिरगावात फाउंड्र्या (ओतकामाचे कारखाने), आपल्या भागातलं कास्टिंग देशभरच्या गाड्यांत आणि पंपांत बसतंय. चप्पलचं तर काय सांगू, २०१९ ला कोल्हापुरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीनं तसलीच चप्पल दाखवली तेव्हा सगळ्या पोरांनी स्टेटस ठेवले. पण ती वेणी घालणाऱ्या बायकांना दिवसाला काय सुटतं हे किती जणांनी विचारलं? भीती नाही हो ही. २०१९ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटाच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३ आहे, शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस पाण्याखाली, माल भरलेले टेम्पो जागेवर उभे, २०२१ ला परत तेच. आणि दोन्ही वेळेला पाणी उतरल्यावर ह्याच मराठी माणसांनी मोटरी उघडून, वाळवून, शॉप चालू केले. घाबरट माणसाचं काम आहे का हे?

राहिलं, पडलास तर परत उठ. अमेरिकेतल्या सरकारी आकड्यांत साधारण पाचातला एक धंदा पहिल्याच वर्षी बंद पडतो आणि पाच वर्षांत जवळपास निम्मे. उठायचं म्हणजे काय तर त्या पडलेल्या धंद्याचं देणं फेडत फेडत उठायचं. माझ्या ओळखीचा एक जण हॉटेलमध्ये बुडाला, हुशार माणूस, कष्टाळू, सहा वर्षं झाली अजून पतसंस्थेचे हप्ते भरतोय आणि दुसरीकडं मॅनेजर म्हणून काम करतोय. तो उठलाच आहे की, पण मेसेजमधलं उठणं आणि हे उठणं वेगळं.

भाच्याला मी नको म्हटलं नाही. डिप्लोमाला जा म्हटलं, नाहीतर बीकॉम कर, आणि सुट्टीत माझ्याकडं ये, मशीनला हात लावायचा नाही, ऑफिसात बस. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस आला. माल गेल्याची चलनं लावली, बिलं तारखेनं लावली, येणं किती आणि कुणाकडं ह्याची यादी केली. तिसऱ्या दिवशी म्हणाला, मामा, ह्या एकाचे ११२ दिवस झालेत, तू फोन का करत नाहीस? मी फोन त्याच्याकडं सरकवला, म्हटलं लाव. दोन मिनिटं उभं राहून काय बोलायचं ते मनात जुळवत होता. मग लावला. समोरनं सांगितलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत. ठेवल्यावर थोडा वेळ गप्प बसला, मग वहीत त्या नावापुढं लिहिलं, उद्या ११ वाजता परत.