पासवर्ड तुम्ही विसरलात, आणि वर आवाजही तुमचाच?

"अहो, दिलंय ना सगळं! पेनड्राइव्ह एक नग, पावतीवर सही आहे तुमची." एवढं बोलून आमच्या माजी सेक्रेटरींनी आज सकाळी फोन ठेवून दिला.

दिलंय काय, तर एक आरएआर फाइल, म्हणजे झिपसारखंच फाइलींचं गाठोडं. सोसायटीचं अख्खं दप्तर तिच्यात कोंबलेलं: आय आणि जे रजिस्टरचे (सभासदांच्या नोंदींचे) स्कॅन, जुनी इतिवृत्तं, मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र (ओसी). आणि वरून पासवर्ड. तो विचारला तर म्हणे, "सोपा आहे हो, सोसायटीचं नाव आणि पुढे काहीतरी." काहीतरी म्हणजे काय? "ॲट द रेट असेल. नाहीतर हॅश. आकडेपण होते बहुतेक." तेवढ्यात मागून काकूंचा आवाज, "अहो, ते दादाने केलं होतं ना?" म्हणजे पासवर्ड यांचा नव्हताच! दादा टोरंटोला. त्याला केलेल्या मेसेजवर निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही. तसं सांगितलं तर, "तो कामात असतो, असल्या गोष्टींसाठी त्याला त्रास देऊ नका."

असल्या गोष्टी? ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची आहे. मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे न्यायचा आहे. लोकांच्या घराखालची जमीन अजून बिल्डरच्या नावावर आहे, आणि ही असली गोष्ट?

सगळ्यात डोकं फिरतं ते फाइल उघडल्यावर. यांनी फाइलींची नावं लपवायचा पर्याय निवडलेला नाही, त्यामुळे यादी अख्खी दिसते. 'ओसी_स्कॅन.पीडीएफ'. 'कन्व्हेयन्स_फायनल_२.पीडीएफ'. आकार दिसतो, तारीख दिसते. क्लिक केलं की पासवर्डची चौकट. कागद डोळ्यांसमोर आहे आणि वाचता येत नाही.

ग्रुपवर टाकलं तर प्रत्येक विंगमध्ये एक तज्ज्ञ. एक म्हणे, एक्स्टेन्शन बदलून झिप करा. नाव बदलल्याने आतलं एन्क्रिप्शन, म्हणजे सांकेतिक कुलूप, जातं होय? दुसऱ्याने यूट्यूबचा व्हिडिओ पाठवला: फाइल नोटपॅडमध्ये उघडा, दोन चिन्हं बदला, पासवर्ड गायब. ही थाप वर्षानुवर्षं फिरतेय. त्याने पासवर्ड जात नाही, फाइल मात्र बिघडू शकते. तिसरे तर म्हणाले, ऑनलाइन अपलोड करा, काढून देतात. सगळ्या सभासदांचे आधार आणि पॅन आहेत हो त्यात! कुठल्या कोण वेबसाइटच्या हातात देऊ?

आणि ती 'पासवर्ड रिकव्हरी'ची सॉफ्टवेअरं! स्क्रीनवर एकेक अक्षर हिरवं होत जातं, तिसऱ्या अक्षराला थांबतं आणि पैसे मागतं. धडधडीत फसवणूक आहे ही. असा पासवर्ड अक्षराअक्षराने सापडत नाही. पूर्ण बरोबर, नाहीतर पूर्ण चूक, अर्धा बरोबर असं काही नसतंच.

जुन्या पद्धतीची झिप असती तर निदान वाट होती. तिचं एन्क्रिप्शन बिहॅम आणि कोचर या संशोधकांनी १९९४ मध्येच फोडलंय, आतल्या मजकुराचा थोडा भाग माहीत असला की काम होतं. पण इथे २०१३ नंतरचा आरएआर-५ आहे. एईएस-२५६ हे भक्कम एन्क्रिप्शन, आणि एकेका पासवर्डच्या पडताळणीला बत्तीस हजारांहून जास्त फेऱ्यांचं गणित. माझा लॅपटॉप सेकंदाला हजार पासवर्ड तपासतो असं धरा. आठ अक्षरं, सगळी छोटी इंग्रजी, तर वीस हजार कोटींहून जास्त शक्यता, म्हणजे साडेसहा वर्षं. त्यात कॅपिटल आणि आकडे आले की हजारो वर्षं. आणि हेच नाव, एक चिन्ह, चार आकडे असा साचा नक्की कळला तर? नावाची स्पेलिंगं, दहा चिन्हं, दहा हजार आकडे, सगळं धरून नऊ-दहा लाख. पाव तास! जॉन द रिपर, हॅशकॅट असे पासवर्ड शोधणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात, साचा सांगितला की बिचारे निमूट कामाला लागतात. त्या पाव तासासाठी लागणारं पाच मिनिटांचं आठवणं यांना जड झालंय.

ऑफिसातही हाच जाच. एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह, आणि दर दीड महिन्याला नवा. हे नियम २००३ मध्ये ज्यांनी अमेरिकेत लिहिले त्या बिल बर यांनी २०१७ मध्ये जाहीर पश्चात्ताप केला. आमच्या आयटीवाल्यांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही. त्यापेक्षा ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड बरा. नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. कुलूप तकलादू असेल, पण कसं उघडायचं हे सांगितलेलं तरी असतं. आमच्या दप्तराबरोबर एक चिठ्ठी नाही, ईमेल नाही, काही नाही. आणि ही माणसं वर्षानुवर्षं सेक्रेटरी होती!

शनिवारी संध्याकाळी मी आणि खजिनदार त्यांच्या घरी जाणार आहोत. चहा नको, पोहे नकोत. टोरंटोत तेव्हा सकाळ असेल, सुट्टीही असेल, व्हिडिओ कॉल लावा आणि दादाला समोर बसवा. सोसायटीचं नाव त्याने इंग्रजीत कसं लिहिलं, पहिलं अक्षर कॅपिटल होतं का, आकडे इमारतीच्या वर्षाचे की स्वतःच्या जन्मसालाचे, एवढंच विचारायचंय. बाकीचं मशीन करेल. नाही सांगितलं, तर वार्षिक सभेच्या इतिवृत्तात नावानिशी नोंद होईल की दप्तर मिळालेलं नाही, आणि त्या 'एक नग'वाल्या पावतीवरची माझी सही मी सगळ्यांसमोर मागे घेईन.